शेवटच्या रांगेत कोण बसणार?

सांगलीच्या गावभागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

'ताई, घरात आम्ही सहा माणसं. सासू-सासरे, आम्ही दोघं, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. ह्यांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार, मी मिरजेला शाळेत शिकवते. आत्ताची लहान गाडी अकरा वर्षांची झाली. सगळ्यांनी मिळून कुठे जायचं म्हटलं की भाड्याची गाडी करावी लागते, नाहीतर कुणीतरी घरी राहतं. बहुतेक वेळा मीच राहते. ह्यांनी तीन रांगांची एक देखणी एसयूव्ही बघून ठेवली आहे. सहा सीटची, डिझेल ऑटोमॅटिक, सगळ्यात वरचं मॉडेल. पांढऱ्या सीट, वर काचेचं छत, मोठी चाकं. पाडव्याला दारात हवी म्हणतात. पंधरा लाख कर्ज काढावं लागेल. हप्ता माझ्या पगारातून जाईल, कारण हळदीच्या भावाचा भरवसा नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात. धाकट्याला घाटात उलटी होते. आमची गल्ली अरुंद, आणि पुराचं तर तुम्हाला माहीतच आहे. गाडी मलाही आवडली आहे, खोटं कशाला बोलू. पण एवढं धूड मला चालवता येईल का? घ्यावी की नको?'

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते दोन वाक्यांसाठी. 'बहुतेक वेळा मीच राहते' आणि 'हप्ता माझ्या पगारातून जाईल'. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली आणि माझं उत्तर ठरलं. गाडी घ्या. पण बुकिंगचे पैसे भरायच्या आधी घरात सगळ्यांसमोर एक गोष्ट बोलून घ्या. शेवटच्या रांगेत कोण बसणार?

हे मी का विचारते ते सांगते. आमच्याकडे तीन रांगांची गाडी आली तेव्हा मी घरातली धाकटी सून. पुढे हे आणि सासरे, मधे सासूबाई आणि थोरल्या जाऊबाई, मागे मी आणि मुलं. मला कुणी 'मागे बस' म्हटलं नव्हतं. मीच गेले, जसं पंगतीत आपण होऊन शेवटी बसतो तसं. गणपतीपुळ्याला निघालो होतो. आंबा घाट उतरताना माझ्या मांडीवर भडंगाची पिशवी, पायाशी पाण्याचा कॅन आणि गुडघे जवळजवळ हनुवटीला, कारण मागची सीट गाडीच्या तळापासून जेमतेम वीतभर वर. खिडकी एवढीशी, न उघडणारी. एसीची हवा माझ्यापर्यंत येईस्तोवर कोमट झालेली. पुढे सगळे कशावर तरी हसत होते, मला शब्द कळत नव्हते. साखरप्याला चहाला थांबलो. मधली सीट उचलून, साडी सावरून मी बाहेर आले तोवर बाकीच्यांचा चहा निम्मा झाला होता. ती गाडी नऊ वर्षं होती आमच्याकडे, आणि नऊ वर्षं ती जागा माझी होती. तुम्ही घरी राहायच्या ऐवजी तिथे जाऊन बसाल आणि हप्ताही तुम्हीच भराल, हे मला होऊ द्यायचं नाही.

मागची रांग त्रास का देते, हेही समजून घ्या. पुढच्या दोन रांगा दोन्ही चाकांच्या मधे असतात. तिसरी असते मागच्या चाकांच्या डोक्यावर. स्पीडब्रेकरवर पुढच्यांना हेलकावा बसतो, मागच्यांना थेट दणका. वळणावर मागचा भाग जास्त फेकला जातो आणि बाहेरचं नीट दिसत नाही, म्हणून ज्याला मळमळतं त्याला तिथे जास्तच मळमळतं. तुमच्या धाकट्याला घाटात तिथे बसवूच नका. त्याला मधल्या रांगेत बसवा, समोरचा रस्ता दिसेल असं, हातात मोबाइल न देता, आणि घाटाआधी पोटात फक्त हलकं काहीतरी. आजोबा खुटखुटीत असतील तर घाटापुरते तेच मागे जातील. विचारून तर बघा. आजोबा लोक नातवासाठी हौसेने काय काय करतात.

सहा सीटची गाडी ह्यांनी निवडली ते मात्र बरोबर केलं. मधे दोन सुट्या खुर्च्या असल्या की त्यांच्यामधल्या वाटेने मुलं मागे जातात, सासूबाईंना उठवावं लागत नाही. सात सीटमध्ये मधे सलग बाक असतो, मागे जायला दर वेळी तो दुमडावा लागतो, आणि गुडघेदुखीच्या माणसाला प्रत्येक थांब्यावर उतरवून परत चढवायचं म्हणजे शिक्षाच. एक अडचण राहते ती सामानाची. तिन्ही रांगा भरल्या की मागे उरते ती जागा दोन-तीन लहान बॅगांची. कडक सुटकेस विसरा. कापडी, दबणाऱ्या बॅगा घ्या. टपावर कॅरिअर लावायचा असेल तर त्यावर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या, वर वजन गेलं की वळणावर गाडी जास्त झुकते. सहा माणसं आणि सामान मिळून चारशे किलोच्या वर सहज जातं. टायरची हवा अशा वेळी वेगळी लागते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे दिलेले असतात. लांबच्या प्रवासाआधी त्याप्रमाणे हवा भरा.

आता टेस्ट ड्राइव्ह. शोरूमचा मुलगा ह्यांना पुढे बसवेल, टचस्क्रीन दाखवेल, गाणी लावेल, छत उघडेल. तुम्ही रविवारी सकाळी सगळं घर घेऊन जा. सासूबाईंना त्या रोज नेसतात ती साडी नेसूनच न्या. त्यांना कुणी हात न देता चढता येतं का, पकडायला मूठ कुठे आहे, पायरी लागेल का, ते तिथेच दिसेल. मग तुमच्या ह्यांना शेवटच्या रांगेत बसवा आणि स्टिअरिंग तुम्ही घ्या. विश्रामबाग, वानलेसवाडी करत मिरजेपर्यंत जा आणि परत या. एकही स्पीडब्रेकर चुकवू नका. परत आल्यावर ते मागून बाहेर कसे येतात ते बघा. त्यांच्याशी भांडायची गरज पडणार नाही.

ते मागे बसलेले असतानाच तीन गोष्टी त्यांच्याकडूनच तपासून घ्या. मागे एसीचे स्वतंत्र झरोके आहेत का आणि त्याच्या पंख्याचं बटण मागे आहे का. डोक्याचा आधार मोठ्या माणसाच्या डोक्यापर्यंत वर येतो का. आणि बाजूची पडदा एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवरून खाली उघडणारी, तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का. हे शेवटचं विक्रेत्याला तोंडी न विचारता माहितीपत्रकावर दाखवायला सांगा. मागच्या दारात आणि तिसऱ्या रांगेत अंतर फार थोडं असतं. उसाच्या हंगामात पेठ-सांगली रस्त्यावर रात्री दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या समोर येतात, अचानक ब्रेक मारावा लागतो आणि मागचा येऊन आदळतो. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचाच. कायद्याने तो सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे, पण मी तो दंडासाठी सांगत नाही.

चालवता येईल का म्हणता. येईल. लहान गाडीची लांबी चार मीटरच्या आत असते. या गाड्या साडेचार ते पावणेपाच मीटर. लांबीची सवय आठवड्यात होते, कारण उंच बसल्यामुळे पुढचं उलट जास्त दिसतं. खरी शिकायची ती रुंदी. अशा गाड्यांपैकी ह्युंदाईची अल्काझार १.८ मीटर रुंद आहे, टाटाची सफारी १.९२ मीटर, आणि हे आरसे सोडून. तेव्हा शोरूममध्ये जायच्या आधी शिंप्याची नव्हे, गवंड्याची टेप घ्या आणि गल्लीचं सगळ्यात अरुंद ठिकाण मोजा. जिथे पायरी पुढे आली आहे, जिथे विजेचा खांब आहे, जिथे समोरच्यांची मोटरसायकल कायम उभी असते. मग तुमच्या गेटची रुंदी आणि वळायला समोर किती जागा आहे ते. अडीच मीटरच्या खाली कुठे येत असेल तर रोज आरसे मिटून गाडी आत घालायची तयारी आहे का, ते आत्ताच ठरवा. गाडी आल्यावर पहिले दोन आठवडे सकाळी सहाला शंभर फुटी रोडवर जा, शेजारी कुणी न ओरडणारं माणूस बसवून. कॅमेऱ्याची मदत होते, पण पावसाळ्यात चिखलाने त्याची भिंगं माखतात, म्हणून आरशावर रिव्हर्स घ्यायला शिकाच. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड असतात. चौकात वळताना एखादा आख्खा सायकलवाला त्याच्याआड लपतो. मान थोडी पुढे काढून बघायची सवय लावा. आणि घाट उतरताना ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरमध्ये अडकवून ठेवायची. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात आणि हवे तेव्हा लागत नाहीत.

देखणेपणाबद्दल थोडं. मला देखणी गाडी आवडते. वर्षानुवर्षं हप्ता भरून माणसाने दारात बघायला काहीतरी छान का ठेवू नये? पण चाकं आणि सीट या दोन बाबतींत मी तुम्हाला अडवणार.

वरच्या मॉडेलला सहसा १८ किंवा १९ इंची चाकं येतात. चाक मोठं झालं की रबराची कड बारीक होते. २३५/६५ आर १७ मापाच्या टायरची कड पंधरा सेंटिमीटरच्या वर असते, २४५/५५ आर १९ ची साडेतेरा. हे दोन सेंटिमीटर म्हणजेच खड्डा आणि रिम यांच्यामधली गादी. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या रस्त्यांवर ती गादी मला जास्त हवी. टायरच्या कडेला बेडकासारखा फुगा आला की ते टायर बदलावंच लागतं, पंक्चर काढून भागत नाही. खालचं एक मॉडेल घेतलंत तर लहान चाकंही मिळतील आणि दीड-दोन लाखही वाचतील.

आणि पांढऱ्या सीट! तुमच्या घरात? मार्केट यार्डातून दिवसभर हळदीचे नमुने हातात घेऊन, बोटांनी मोडून बघितलेला माणूस संध्याकाळी गाडीत बसतो. ती पूड शिवणीत जाते. तिथे ओल्या फडक्याने पुसलं की पिवळं पसरतं, साबण लावला की ते लालसर होतं, आणि मग घरातली प्रत्येक बाई 'हे काय झालं' म्हणून आणखी घासते. हळदीचा डाग उन्हात उतरतो, एवढा एक दिलासा. दार उघडं ठेवून सीटवर ऊन येऊ द्या, हळूहळू फिका पडेल. त्यापेक्षा गडद तपकिरी किंवा काळा रंग मागा. तो उन्हाळ्यात तापतो हे खरं, त्यावर सुती कव्हर घाला. काचेच्या छताला आतून जाड पडदा आहे का बघा. मुलांना त्यातून डोकं बाहेर काढून उभं राहू देऊ नका, एकदाही नाही. आणि ऊन लागतं म्हणून काचांना काळी फिल्म लावायला कुणी सुचवलं तर लावू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

डिझेलचं गणित तुमच्या वापरावर आहे. भरलेली गाडी घाट चढताना डिझेलची ताकद जाणवते, त्यात वाद नाही. पण आजच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. सांगली-मिरज दहा किलोमीटर, सिग्नल, गर्दी, पुन्हा बंद. अशा वापराने ती जाळी तापत नाही आणि काजळी साचत जाते. पंधरा दिवसांतून एकदा आष्ट्याच्या पुढे पेठ नाक्यापर्यंत साठ-सत्तरच्या वेगाने एकसंध पळवली तर ती आपोआप जळून साफ होते. हे कुणीतरी नेमाने करणार असेल तर डिझेल घ्या. नाहीतर, तुमची शाळेची धाव आणि वर्षातले चार-पाच लांबचे प्रवास धरले, तर पेट्रोल बरं. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर रस्ता कर दोन टक्क्यांनी कमी आहे. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. वीस लाखांच्या वर गेलात की तेच १३ आणि १५ होतात. किंमत वीसच्या थोडी वर असेल तर खालच्या मॉडेलकडे बघायला हे आणखी एक कारण. आणि 'पेढीच्या नावावर घे, जीएसटी परत मिळेल' असं यार्डात कुणी सांगितलं असेल, तर आधी तुमच्या सीएंना विचारा. स्वतःच्या वापराच्या अशा प्रवासी गाडीवर ते क्रेडिट मिळत नाही.

कर्ज. पंधरा लाख, नऊ टक्के धरले, तर पाच वर्षांचा हप्ता साधारण ३१,१०० येतो आणि सात वर्षांचा २४,१००. सात वर्षांचा हलका वाटतो, पण व्याजाचे दीड लाखाहून जास्त रुपये वर जातात. तुमच्या पगारातून हप्ता जाणार, मग एक करा. यंदाच्या हळदीची आवक मे महिन्यापर्यंत चालते, तेव्हाच्या पैशातून ह्यांनी कर्जाची मुद्दल दोन-तीन लाखांनी कमी करायची, असं आत्ताच बोलून ठेवा. मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावते का, हे करारात वाचा. आणि कर्ज तुमच्या नावावर तर गाडीची नोंदणीही तुमच्याच नावावर. यात कुणाचा अपमान नाही.

आता पूर. यावर मी सगळ्यात जास्त कळकळीने लिहिते आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या थोरल्या दिरांची गाडी दारातच राहिली. '२००५ ला इथपर्यंत आलं नव्हतं' असं ते म्हणत राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा सीटवर चिखलाची साय धरली होती, काचेच्या आत पाण्याची रेघ उमटलेली, आणि वास असा की दार उघडून मागे सरायला झालं. दिरांनी किल्ली लावली आणि सवयीने फिरवली. एकदाच. आतून 'खट्' असा आवाज आला. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असतं, हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. विमा कंपनीने सांगितलं, पुराने झालेलं नुकसान देऊ, पण इंजिन तुम्ही चालू केल्यामुळे बिघडलं, ते साध्या पॉलिसीत येत नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेता येतं हे पॉलिसी देणाऱ्याने त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. अजूनही ते किल्ली फिरवल्याचा हात दाखवतात, असा.

म्हणून, पॉलिसी घेताना इंजिन प्रोटेक्शन आणि झीरो डेप्रिसिएशन (बदललेल्या भागांची घट न कापता भरपाई) ही दोन्ही जोड घ्या आणि त्यांची नावं पॉलिसीच्या कागदावर छापलेली आहेत का ते स्वतः वाचा. दर वर्षी नूतनीकरणाला पुन्हा वाचा, कारण हप्ता कमी दिसावा म्हणून ही जोडच आधी गळते. २०२१ लाही आपण पाणी पाहिलं. आयर्विन पुलाजवळ चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस ही धोका पातळी. चाळीसची वाट बघू नका. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि पुलाजवळचं पाणी तीस फुटांच्या पुढे चढताना दिसलं की त्याच संध्याकाळी गाडी वर नेऊन ठेवा. कुठे ठेवायची ती जागा जूनमध्येच ठरवा, मिरजेला शाळेतली एखादी मैत्रीण, विश्रामबागेतले नातेवाईक, ज्यांचं अंगण उंचावर आहे असे. आयत्या वेळी सगळ्या गावभागाला तीच जागा हवी असते. आणि कधी पाणी लागलंच तर किल्लीला हात लावायचा नाही. फोटो काढायचे, विमा कंपनीला कळवायचं आणि गाडी उचलूनच न्यायची. हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मुलांनाही.

पाडव्याला अजून वेळ आहे. या रविवारी टेप घेऊन गल्ली मोजा, पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन शोरूमला जा. आणि गाडी आल्यावरचा पहिला लांबचा प्रवास नरसोबाच्या वाडीचा करा. जवळ आहे, सपाट रस्ता आहे, सासूबाईंनाही झेपेल. जाताना तुम्ही चालवा, हे मागे मुलीबरोबर बसतील. येताना ते चालवतील, तुम्ही पुढे बसा, आणि मुलीला मागे सोबत कोण करणार ते आजोबांना आणि धाकट्याला ठरवू द्या.